गाठीबुवाची न सुटलेली गाठ

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा नद्यांना पूल नव्हते, घरांना कुलपं नव्हती, आणि आपल्याला कधी काही होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. हे शेवटचं आजही तसंच आहे, पण ते असू दे.

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. आणि मुलांच्या मागे सुपारी कातरत, आपण ऐकतच नाही असं सोंग करणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही जरा पुढे सरका. गोष्ट खरं तर तुमचीच आहे.

एका नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एक दोर वळणारा राहायचा. नदीकाठच्या पाणथळ शेतात अंबाडी लावायची, ती कापून डोहात कुजत घालायची, तिचा वाख सोलून काढायचा आणि त्या वाखाचे दोर वळायचे, हा त्याच्या घराण्याचा पिढीजात धंदा. मोटेचा नाडा त्याच्या हातचा, बैलाचा कासरा त्याच्या हातचा, तान्ह्या बाळाच्या पाळण्याची दोरीही त्याच्याच हातची. त्याने बांधलेली गाठ आपणहून कधी सुटत नाही, असं पंचक्रोशीत म्हणायचे.

गाठी बांधायची तर त्याला खोडच होती. आपण म्हणतो ना, 'मनाशी खूणगाठ बांधली'? हा माणूस ती मनाशी नाही, उपरण्याला बांधायचा. काही ध्यानात ठेवायचं झालं की उपरण्याचं टोक धरलं आणि मारली गाठ. बियाणं उसनं दिलं, गाठ. म्हैस कुणाला अर्धेलीवर, म्हणजे अर्ध्या वाट्यावर सांभाळायला दिली, गाठ. बायकोच्या खोकल्याला कुठल्या वैद्याचा काढा मानवला, त्याचीही गाठ. आणि प्रत्येक गाठीची जात वेगळी. बुवाने टोकावरून नुसता अंगठा फिरवला की त्याला सगळा संसार आठवायचा.

गावाने त्याचं नाव गाठीबुवा ठेवलं होतं. खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक होतं, पण ती बिचारी नवऱ्याचं नाव कसं घेणार!

बायकोचं नाव मैना. नावासारखीच बोलकी. पाणवठ्यावर गेली की घागर भरायच्या आधी साऱ्या गावाची खबर भरून घ्यायची, आणि घरी येईपर्यंत अर्धी वाटूनही टाकायची. मन मात्र अगदी स्वच्छ. बोलण्यात कुणाचं वाईट नसायचं, नुसतं बोलणं असायचं. ती गप्प बसायची फक्त दोर वळताना. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती, आणि मध्ये वाखाचा लांबच लांब पीळ. दोर वळताना बोलायचं नाही, बोललं की पीळ चुकतो, असा त्यांच्या धंद्याचा नेम होता. तेवढा वेळ ती ओठ घट्ट मिटून नेम पाळायची.

"अवो, एवढ्या गाठी मारताय," मैना कधीमधी म्हणायची, "एखादी मला तरी सांगून ठिवा."

"तुला?" गाठीबुवा हसायचा. "तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई. सकाळी तुला सांगितलं की दुपारी नदीपल्याड म्हाईत."

"आन् तुमाला काय झालं म्हंजी?"

"मला काय हुतंय? मी काय कुठं पळून चाललोय व्हय?"

त्या उपरण्याच्या अगदी कोपऱ्यात एक गाठ होती. सगळ्यांत जुनी. लग्नाच्या वर्षी बांधलेली. चिंचोक्यासारखी काळी आणि तितकीच कडक. मैनेने एकदा तिच्यावर बोट ठेवून विचारलं होतं, "आन् ही कसली?"

गाठीबुवाने डोकं खाजवलं. "ती व्हय? ती सांगायचीच हाय तुला. सवडीनं सांगीन."

सवड काही झाली नाही. बोलायचं ते सवडीवर टाकणाऱ्याला सवड कधीच होत नाही, हे तुमच्यापैकी सुपारी कातरणाऱ्यांना मी सांगायला नको.

एका पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला. घरं वाचली, पण शेतांचे बांध, हद्दीचे दगड, सगळं वाहून गेलं. पाणी ओसरलं तेव्हा काठावर नुसता गाळ. कुणाचं शेत कुठे संपतं आणि कुणाचं कुठे सुरू होतं, देवालाही सांगता आलं नसतं. भांडणं लागली. शेवटी पुढच्या उन्हाळ्यात राजाची दवंडी फिरली. येत्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोजणीचा कारभारी येईल. ज्याने त्याने आपल्या जमिनीची राजमुद्रेची सनद दाखवायची. सनद दाखवील त्याचं शेत त्याला आखून मिळेल. ज्याच्याकडे सनद नसेल त्याची जमीन राजाच्या घोड्यांच्या कुरणात जाईल.

गावात धावपळ उडाली. कुणी उतरंडी उतरवल्या, कुणी आढ्याला हात घातला. गाठीबुवा मात्र ओसरीवर बसून वाख विंचरत होता.

"अवो, आपली सनद कुठं हाय?" मैनेने विचारलं.

"हाय."

"कुठं पर?"

"हाय तिथं हाय." त्याने उपरण्यावर थाप मारली. "गाठ मारलीया. तू नगं काळजी करू."

मैनेला काळजी नाही वाटली. नवऱ्याची गाठ सुटत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

पोळा जवळ आला. पोळा म्हणजे दोर वळणाऱ्याची सुगी. प्रत्येक बैलाला नवी वेसण हवी, नवा कासरा हवा. त्या सकाळी लिंबाच्या झाडांखाली गाठीबुवा आणि मैना नेहमीसारखी दोन टोकांना उभी राहून नाडा वळत होती. एकाएकी मैनेच्या हातातला पीळ ढिला पडला. तिने वर पाहिलं. गाठीबुवाच्या उजव्या हातातून दोर सुटला होता. मग तो खाली बसला, आणि बसल्या बसल्या चिखलात कलंडला.

वैद्य आला. नाडी पाहिली, तेल चोळलं, जिभेला मात्रा चाटवली.

"वाऱ्यानं अर्धं अंग धरलंय," तो म्हणाला. "जिवाला धोका न्हाई. पर उजवा हात आन् जीभ कवा चालंल, ते मी सांगू शकत न्हाई."

मैना रात्रंदिवस त्याच्या उशाशी. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडून तिच्याकडे ओळखीचं पाहिलं, तेव्हा तिला इतकं बरं वाटलं की काय करू आणि काय नको असं झालं. तिची नजर खुंटीवरच्या उपरण्याकडे गेली. चिखलाने पार माखलं होतं. 'उठून बसतील तवा खांद्यावर सोच्छ उपरणं हवं,' असं म्हणून ती ते घेऊन नदीवर गेली.

गाठींमध्ये चिखल बसला होता. गाठी न सोडता तो निघेना. मैनेने एक गाठ सोडली. मग दुसरी. नखांनी, दातांनी, हळूहळू, शेजारणीशी नवऱ्याच्या दुखण्याचं बोलत बोलत तिने एकेक गाठ सोडली आणि खालचं कापड चोळचोळून धुतलं. एवढ्या वर्षांत त्या माणसाचं असं निवांतपणे काही करायला तिला मिळालं नव्हतं. तिला मनापासून आनंद होत होता. फक्त ती कोपऱ्यातली जुनी गाठ काही सुटेना. दात दुखायला लागला तेव्हा तिने ती तशीच राहू दिली. उपरणं वाळवलं, घडी घातली आणि उशाशी ठेवलं. बगळ्याच्या पंखासारखं दिसत होतं.

प्रेमाने केलेल्या चुकीचं असंच असतं, बाळांनो. करताना ती चूक आहे असं पुसटसुद्धा वाटत नाही.

पोळा तोंडावर आला तशी सगळ्यांना सनद आठवली. गाठीबुवाला मुलगा होता, सून होती. मुलाने बापाच्या कानाशी तोंड नेलं. "आबा, सनद कुठं हाय? उतरंडीत हाय?"

गाठीबुवाने 'हो' म्हणावं तशी मान हलवली.

उतरंड उतरवली. सनद नाही.

"चुलीमागं हाय?" मान हलली. चुलीमागची भिंत पोखरली. तिथेही नाही. "गोठ्यात पुरलीया?" मान हलली. गोठा खणला. शेजारीपाजारी मदतीला आले. नदीवरचा नावाडी हा बुवाचा जुना मित्र. तो रोज एक फेरी करून विचारपूस करायला यायचा. त्यानेही अंगातली बंडी काढून कुदळ घेतली आणि गोठ्याची अर्धी जमीन एकट्याने उकरली.

बुवाला काही कळत नव्हतं असं नाही. त्याला ऐकू यायचं, समजायचंही. पण आतला शब्द आणि बाहेरची मान यांची सांगड तुटली होती. 'गाय आढ्यावर बसलीया का' असं विचारलं असतं तरी त्याची मान हललीच असती. घराची मात्र आतून-बाहेरून नांगरट झाली.

तेव्हा मुलाला सुचलं. "आये, आबांचं उपरणं कुठाय? सनदीची गाठ त्यात असंलच की!"

मैनेने उशाशी ठेवलेलं उपरणं उलगडून दाखवलं. पांढरंशुभ्र, सपाट, आणि कोपऱ्यात एकच काळी गाठ.

"आये..." मुलगा एवढंच म्हणाला.

"म्या सोडल्या," मैना म्हणाली. "म्याच सोडल्या रं. धुवायच्या म्हणून." आणि दोर वळणं सोडलं तर ती जन्मात पहिल्यांदा बोलायचं थांबली, कारण तिला रडू आवरेना.

सून शहाणी होती. तिने सासूला जवळ घेतलं. "आत्ती, एक गाठ हाय की. न सुटलेली. तीच सनदीची आसंल. एवढी घट्ट बांधलीया म्हंजी तीच."

सगळ्यांना हे पटलं. मग काय, गावातल्या जाणत्यांची बैठकच बसली. एकाने गाठ डोळ्यापाशी नेली, एकाने हुंगली. कुणी म्हणालं, ही विहिरीवरची गाठ, सनद विहिरीत आहे. मुलगा विहिरीत उतरून गारठून वर आला. कुणी म्हणालं, ही देवळाच्या ध्वजाची गाठ. पुजाऱ्याने कळस सोडून सारं देऊळ दाखवलं. शेवटी मुलाने ती गाठ बापाच्या डोळ्यांसमोर धरली. "आबा, ही कसली गाठ?"

गाठीबुवाने गाठीकडे पाहिलं. मग मैनेकडे पाहिलं. पाहतच राहिला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि कुणालाच काही उमगलं नाही.

असा पोळा उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी येणार होता. तो आला की शेत जाणार, शेत गेलं की अंबाडी गेली, आणि अंबाडी नसली की दोर वळणाऱ्याच्या घरात वळायला उरतं काय? मुलगा-सून कुणाकडे मजुरीला जाणार, आणि या पडलेल्या माणसाला खायला काय घालायचं, ते मैनेला कळत नव्हतं.

दुपारी सारं गाव बैलांच्या मिरवणुकीला गेलं. मुलाला-सुनेलाही तिने पाठवलं, बैलांचे कासरे घरचेच होते, जायला हवं होतं. घरात दोघंच राहिली. लांबून ढोल ऐकू येत होते.

मैना नवऱ्याजवळ बसली. विचारायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. एवढे दिवस सगळ्यांनी त्याला विचारलंच तर होतं. तिनेही विचारलं होतं, सगळ्यांत जास्त. विचारून पीळ चुकतो आहे, असं तिच्या मनात आलं.

मग तिने एक केलं. दोर वळताना समोर असायची तशी ती त्याच्यासमोर बसली. उपरण्याचं एक टोक त्याच्या डाव्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं. आणि गप्प बसली. मुलांनो, ही किती अवघड गोष्ट होती, ते मैनेला ओळखणाऱ्यालाच कळेल.

बराच वेळ काही झालं नाही. मग गाठीबुवाचा अंगठा कापडावर सरकला. त्याने टोकाचा वेढा घेतला. वेढ्यातून टोक काढायला दुसरा हात हवा होता, आणि तो तर निपचित पडला होता. मैनेने आपला उजवा हात पुढे केला. त्याने पुढे लोटलेलं टोक तिने ओढून घेतलं. जन्मभर दोघांनी मिळून दोर वळले होते. एकाचा हात कुठे जाणार, ते दुसऱ्याच्या हाताला आधीच ठाऊक असायचं. गाठ बसली.

तिने पाहिलं. ही दाव्याची गाठ, जनावर बांधायची. "म्हस?" ती अगदी हळू म्हणाली. त्याने हात डोंगराकडे केला. त्या डोंगरापलीकडे किती गावं आणि किती गोठे! मैनेने ती गाठ सोडून दिली आणि पुन्हा गप्प बसली.

अंगठा पुन्हा चालू लागला. या वेळी वेढा निराळा होता. एक मोठा, त्यावर एक आडवा, आणि टोक खालून वर. मैनेच्या हाताने ते अर्ध्यावरच ओळखलं. पाण्याने ओढली की आवळत जाते आणि एका हिसक्याला सुटते, अशी एकच गाठ. काठाला नाव बांधायची.

गाठीबुवाने ती गाठ तिच्या मुठीत कोंबली आणि मूठ दाबून धरली.

"नावाडी भावजी?" मैना म्हणाली.

बुवाची मान हलली नाही. त्या मानेवर आता त्याचाच भरवसा नसावा. पण त्याने तिची मूठ सोडली आणि बोटांनी तिला दाराकडे ढकललं, जा, जा.

मैना धावत सुटली. वाटेत बैल होते, ढोल होते, शेजारणी हाका मारत होत्या. ती कुणाशी एक शब्द बोलली नाही. नावाडी काठावर नावेला शेंदूर लावत होता. त्याच्याकडे बैल नव्हते, म्हणून पोळ्याला तो नावेचीच पूजा करायचा.

तिने उपरण्याची गाठ त्याच्यापुढे धरली.

नावाड्याने गाठ पाहिली. हातातला शेंदूर धोतराला पुसला. "आलीस व्हय वैनी," तो म्हणाला आणि उंच दरडीवरच्या आपल्या झोपडीत गेला. आढ्याला टांगलेली, मेणाने तोंड बंद केलेली वेळूची नळी घेऊन बाहेर आला.

"बुवानं पुराच्या आदीच्या साली ठिवलीया," तो म्हणाला. "म्हणला, माझं घर खाली हाय, पाणी येतंय. तुझ्या दरडीवर येत न्हाई. माझी नावंची गाठ जो दाखवंल त्यालाच दे. दुसऱ्या कुणाला न्हाई. माझ्या बायकोलाबी न्हाई."

"बायकोलाबी न्हाई?"

"बायकोला सांगितली तर सांजच्याला गावाला कळंल, म्हणला." नावाडी ओशाळला. "म्या नदीची आन घेतली हुती."

"आन् आमचा गोठा खणत हुतासा की तुमी! सनद, सनद म्हणून!"

"ह्यात सनद हाय?" नावाडी नळीकडे बघतच राहिला. "वैनी, देवाशपथ, मी आत काय हाय ते इचारलं न्हाई. त्यानं सांगितलं न्हाई. माझ्या डोक्यावर टांगली हुती ही, आन् मी तिकडं तुमच्या गोठ्यात घाम गाळत हुतो." आणि तो मोठा दांडगा माणूस कपाळावर हात मारून घेत खाली बसला. मैनेला त्या गडबडीतही हसू आलं.

नळी फोडली. आत सनद होती, राजमुद्रेसकट, कोरी करकरीत.

दुसऱ्या दिवशी कारभारी आला. त्याच्या माणसांच्या खांद्यावर मोजणीचा दोर होता, आणि तो दोर गाठीबुवाच्याच हातचा होता. कारभाऱ्याने सनद वाचली, दोर टाकला आणि पाणथळ शेत चारी बाजूंनी आखून दिलं. जाताना तो बुवाच्या बिछान्यापाशी थांबला.

"तुझे दोर मी बारा गावं मोजायला नेतो, बुवा," तो म्हणाला. "आज ही सनद नसती तर तुझ्याच दोरानं तुझं शेत कुरणात घालावं लागलं असतं. माझ्या जिवावर आलं असतं, पण दोर टाकावा लागला असता."

बुवाने डोळे मिटून घेतले.

दिवस गेले. तेल चोळून, काढे पाजून आणि मुख्य म्हणजे मैनेच्या बडबडीने गाठीबुवा हळूहळू सावरला. पहिला शब्द फुटला तो 'पाणी'. दुसरा 'अगं'. तिला त्या 'अगं'चं इतकं कौतुक की तिने ते साऱ्या पाणवठ्याला ऐकवलं. थंडी पडेपर्यंत तो तुटक तुटक बोलायला लागला, उजव्या हाताची बोटंही वळायला लागली. पण दुखण्याने काही गोष्टी पुसूनच टाकल्या होत्या. म्हैस कुठल्या गावात दिली ते त्याला स्वतःलाही आठवेना. ती अजून डोंगरापलीकडे कुणाच्या तरी गोठ्यात दूध देत असेल. उसन्या बियाण्याचंही तसंच झालं. ज्यांनी आठवणीने आणून दिलं त्यांचं भलं होवो.

आणि सुंभ जळला तरी पीळ जातो का? संक्रांतीच्या सकाळी मैना तिळगूळ घेऊन आली, तर हा माणूस भिंतीकडे तोंड करून, नव्या उपरण्याला थरथरत्या बोटांनी गुपचूप गाठ मारत होता.

मैनेने त्याचं मनगट धरलं. "ही कसली?"

"का-काय न्हाई."

"काय न्हाई? शेत जात हुतं आपलं! पोरगं विहिरीत उतरलं! भावजींनी गोठा खणला! आन् तुमी पुन्यांदा?" ती रागाने बोलत होती, पण डोळे भरले होते. "शेताचं सोडा. त्या दिशी तुमी चिखलात पडला, आन् तुमाला कुठलं औषध सोसतं, कुठलं न्हाई, हे वैद्यानं इचारलं. तवा म्या, तुमच्या बायकोनं, काय सांगितलं ठावं हाय? म्हाईत न्हाई म्हणलं. एवढ्या वर्सांचा संसार, आन् म्हाईत न्हाई!"

गाठीबुवाने उशाखालचं जुनं उपरणं ओढलं. कोपऱ्यातली ती काळी, कडक गाठ तिच्या हातात दिली.

"ही," तो म्हणाला. एकेक शब्द त्याला शोधून आणावा लागत होता. "ही... लग्नाच्या... सालची."

"ठावं हाय. सवडीनं सांगनार हुता."

"हीच... हीच गाठ. तुला... समदं..." तो थांबला. श्वास घेतला. "तुला समदं सांगून ठिवायचं. इसरू नये, म्हणून... मारली हुती."

मैना त्या गाठीकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू फुटलं, आणि दोन्ही एकदमच चाललं तेव्हा सून धावत बाहेर आली. "काय झालं, आत्ती?"

"काय न्हाई बाय. माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, आन् ह्यांच्या तोंडातनं तीळ भाईर पडत न्हाई. अशी आमची जोडी." तिने एक तिळाचा लाडू नवऱ्याच्या तोंडात घातला. "हं. तिळगूळ घ्या, ग्वाड बोला. आन् कुठं काय ठिवलंय, तेबी बोला. आजच. सवड हाय मला."

त्या दिवशी चौघं ओसरीवर बसली. नावाड्यालाही बोलावणं गेलं. बुवाने एक नवा दोर घेतला आणि घरातली एकेक गोष्ट सांगत त्यावर एकेक गाठ मारली. जिथे त्याची बोटं अडली तिथे मैनेची चालली. प्रत्येक गाठ सगळ्यांनी चाचपली, तिचं नाव मोठ्याने म्हटलं. सनद कुठे, बियाणं कुठे, वैद्य कोणता, कुठला काढा कुणाला सोसत नाही. मैनेलाही तिच्या दोन गुप्त गाठी सांगाव्या लागल्या. तिने पिठाच्या डब्यात काय दडवलं होतं, ते ऐकून गाठीबुवाने डोळे मोठे केले. दोर चौकटीला टांगला. त्याला ते घरदोर म्हणू लागले.

मैनेने ही गोष्ट पाणवठ्यावर सांगितली का? अहो, सांगितली म्हणजे काय! संध्याकाळपर्यंत नदीपलीकडे पोचली. पण लोकांना सनद कुठे आहे ते कळलं नाही हो. कळलं ते एवढंच, की घरात एक घरदोर असावा. पुढच्या संक्रांतीला त्या काठावरच्या घराघरांच्या चौकटींना एकेक दोर लोंबत होता. चोरांनी ते पाहिले, पण चोरांना गाठी वाचता येईनात. घरातल्या माणसांना येत होत्या, आणि तेवढंच हवं होतं.

आणि ती जुनी काळी गाठ? संक्रांतीच्या सांजेला गाठीबुवाने ती स्वतःच्या हातांनी सोडली. एवढी वर्षं न सुटलेली गाठ, बोटं थरथरत होती तरी अलगद सुटली. बांधलेलं काम झालं होतं ना.

तेव्हा मोठ्यांनो, सुपारी खाली ठेवा, आणि आज घरी जाऊन आपल्या उपरण्याची टोकं जरा घरच्यांना दाखवा.

बोध: ज्या खूणगाठीचा अर्थ घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, ती खूण नव्हे, नुसती गाठ.